स्ट्रेस आणि मानसिक आजारांवरच्या रिसर्च सेंटरचं को-ऑर्डिनेशन: सुरुवात कुठून करू?

मुळामुठा

नमस्कार मंडळी, इथे हॉस्पिटल, लॅब, रिसर्च या लाइनमधले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, नंतर पुण्यातच औषधांच्या ट्रायल्समध्ये साइट को-ऑर्डिनेटर होते. आता एका नव्या सेंटरचं को-ऑर्डिनेशन माझ्याकडे आलंय, नाव टाकत नाही. विषय असा की लहानपणी खूप सोसलेल्या काही माणसांना पुढे डिप्रेशन किंवा पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) होतो आणि तेवढंच सोसलेल्या दुसऱ्यांना होत नाही, तर त्यांच्या शरीरातल्या स्ट्रेसच्या यंत्रणेत नेमका काय फरक असतो.

सेंटर म्हणजे चार गट आहेत. सायकिॲट्रीची ओपीडी, हार्मोन लॅब, दुसऱ्या संस्थेतला रॅटवर काम करणारा गट आणि स्टॅटिस्टिक्सवाले. पहिल्या मीटिंगला बसले तर डॉक्टर स्केलबद्दल बोलतायत, लॅबवाले किटबद्दल, रॅटवाले पिंजऱ्यांबद्दल आणि स्टॅटवाले शेवटी एकच विचारतात की एक्सेल कधी मिळेल. मुख्य सर म्हणाले तू सगळ्यांना एकत्र बांधून ठेव. पण ठेवायचं म्हणजे काय करायचं? प्रोटोकॉलमध्ये घरून आणायची लाळ आहे, केसांचे नमुने आहेत, काही जणांची डेक्सामेथासोन टेस्ट (स्टेरॉइडची गोळी देऊन दुसऱ्या दिवशी स्ट्रेसचं हार्मोन दबतं का बघायची) आहे आणि काहींची ट्रिएर टेस्ट, तीच ती, परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी वजाबाकी.

नात्यातले लोक म्हणतायत ॲडमिनची पोस्ट आहे, फायली सांभाळायच्या. मला तसं वाटत नाही. डिप्रेशन मी घरात फार जवळून बघितलंय आणि या प्रश्नाचं उत्तर यावं असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, पहिल्यांदा काय हातात घेऊ?

सेंट्रीफ्यूज

अभिनंदन ताई. मी हार्मोन लॅबमधला, त्यामुळे माझं उत्तर लॅबच्या बाजूनं येणार. पहिल्यांदा वेळ हातात घ्या. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं हार्मोन निघतं, त्यानं पिट्युटरीतून एसीटीएच निघतं, त्यानं किडनीच्या वरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हार्मोन येतं, आणि कॉर्टिसॉल परत वर जाऊन पहिल्या दोघांना थांबवतं. हे तुम्हाला माहीतच आहे. पण हे चक्र दिवसभर सारखं चालत नाही. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्यापाऊण तासात कॉर्टिसॉल आणखी वर चढतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. म्हणजे एका बाईनं उठल्याउठल्या लाळ दिली आणि दुसरीनं पाणी भरून डबे करून मग दिली, तर तुमच्या हातात आलेला फरक आजाराचा नाही, घड्याळाचा आहे. आणि तो फरक आजाराच्या फरकापेक्षा सहज मोठा असू शकतो. मग स्टॅटवाले कितीही हुशार असोत, त्यातून काही निघत नाही. म्हणून ट्यूबवर नुसती तारीख नको, जाग आल्याची वेळ आणि नमुन्याची वेळ अशा दोन वेगळ्या वेळा हव्यात, आणि वेळ चुकली तर खरं सांगायला लोकांना भीती वाटू नये अशी सोय हवी. "चुकलं तरी चालेल, फक्त खरी वेळ लिहा" हे वाक्य सूचनांच्या कागदावर मोठ्या अक्षरात टाका.

दुसरं, परदेशी प्रोटोकॉलमध्ये नसलेल्या आपल्याकडच्या गोष्टी. गावाकडच्या कितीतरी बायका उठल्याउठल्या मशेरी लावतात. निकोटिननं कॉर्टिसॉल वाढतं आणि वर तोंडात तंबाखूची भुकटी, म्हणजे नेमका सकाळचा नमुना गेला. त्यात "तंबाखू खाता का" विचारलं तर त्या नाही म्हणतात आणि त्यांच्या लेखी ते खरंही असतं, म्हणून मशेरीचा कॉलम वेगळा ठेवा. तसंच स्टेरॉइडचं. दम्याचा पंप तर लोक सांगतात, पण सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या आणि चेहरा उजळायची क्रीम यातही स्टेरॉइड निघतं, आणि ते शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दाबून टाकतं. वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असेल तर बऱ्याच किटला ते कॉर्टिसॉलच वाटतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतं. कार्बामाझेपिन (फिट्स आणि मूडसाठी देतात ते औषध) चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरातून लवकर निघून जातं आणि टेस्ट उगाच बिघडलेली दिसते, तुमच्या ओपीडीत कार्बामाझेपिनवाले भरपूर असणार.

एसीटीएच तर फारच नाजूक. बर्फावर ठेवलेली ईडीटीए ट्यूब, थंड सेंट्रीफ्यूज, आणि प्लास्टिकच वापरायचं कारण ते काचेला चिकटून बसतं. ओपीडी तिसऱ्या मजल्यावर आणि लॅब पलीकडच्या इमारतीत असेल तर बर्फाचा डबा घेऊन जाणारा माणूस कोण, तो जेवायला गेला तर कोण, हे ठरवणं हेच तुमचं काम. याला कुणी ॲडमिन म्हणो, माझ्या मते निम्मं सायन्स इथेच ठरतं.

अटलांटिकपार

सेंट्रीफ्यूज यांना पूर्ण अनुमोदन, विशेषतः मशेरीचं वाचून बरं वाटलं, हे इकडे कुणाला सुचणारच नाही.

मी अमेरिकेत अशाच एका सेंटरमध्ये को-ऑर्डिनेशन केलंय. इकडे एनआयएमएच या सरकारी संस्थेकडून कॉन्टे सेंटर नावाची मोठी ग्रँट मिळते, सिल्व्हिओ कॉन्टे नावाचे मॅसॅच्युसेट्सचे खासदार होते त्यांचं नाव दिलंय. तिची रचना कामाची आहे म्हणून सांगते. वेगवेगळे प्रोजेक्ट असतात पण ते सगळे एकाच प्रश्नाला बांधलेले असावे लागतात, आणि शिवाय कोअर असतात म्हणजे सगळ्यांना लागणारी सामायिक कामं, एक ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोअर, एक पेशंट तपासणीचा, एक डेटाचा असं. ग्रँट तपासणारे पहिला प्रश्न हाच विचारतात की हे प्रोजेक्ट सुटे सुटे केले असते तर काय बिघडलं असतं? त्याचं उत्तर तुमच्या चारही गटांकडून प्रत्येकी चार ओळींत लिहून घ्या. चार उत्तरं जुळली नाहीत तर पहिल्याच महिन्यात कळलेलं बरं.

एकत्र बसण्याचा फायदा काय होतो याचं उदाहरण देते. नेमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की डिप्रेशनच्या पेशंटच्या पाठीच्या पाण्यात सीआरएफ जास्त असतं, म्हणजे वर म्हटलेलं सीआरएचच. त्यावरून कंपन्यांनी सीआरएफचा रिसेप्टर अडवणारी औषधं काढली, प्राण्यांमध्ये छान चालली, माणसांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये पडली. त्याची कारणं अनेक सांगतात, पण मला सगळ्यात पटतं ते हे की डिप्रेशन हा एक शिक्का मारून सगळे पेशंट एकत्र घेतले, सीआरएफ खरंच कुणाचं वाढलंय हे पाहून निवडले नाहीत. उलट हाइम आणि नेमेरॉफ यांच्या गटानं २००० साली बायकांचे गट लहानपणच्या अनुभवावरून वेगळे केले, तर ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले होते आणि ज्यांना डिप्रेशनही होतं त्यांचा भाषणाच्या टेस्टमधला एसीटीएचचा प्रतिसाद तुलनेच्या गटापेक्षा सहापटीहून जास्त निघाला. म्हणजे डॉक्टरांनी घेतलेली हिस्ट्री आणि लॅबचा आकडा एकमेकांशेजारी ठेवला तेव्हा कुठे चित्र दिसलं. तुमचं सेंटर नेमकं याच्यासाठी आहे, त्यामुळे लहानपणच्या अनुभवांची मुलाखत आणि लॅबचा डेटा एकाच ओळखक्रमांकाखाली असायला हवा आणि तो क्रमांक पहिल्या दिवसापासून चारही गटांनी वापरायला हवा. इकडे नाव, जन्मतारीख, जन्मगाव अशा माहितीवरून एक कोड तयार होतो आणि मूळ माहिती बाहेर जातच नाही, तो कोड घेऊन दर सहा महिन्यांनी डेटा सरकारी आर्काइव्हला द्यावा लागतो. तुम्हाला कुणी मागितलं नाही तरी सहामाहीची तारीख लावून घ्या. शेवटच्या वर्षी साफ करू म्हणून ठेवलेला डेटा शेवटच्या वर्षीही साफ होत नाही.

आणि घरच्या नमुन्यांसाठी झाकण उघडल्याची वेळ आपोआप नोंदवणाऱ्या बाटल्या मिळतात, जमलं तर घ्याच.

सेंट्रीफ्यूज

बाटल्यांबद्दल थोडं असहमत. चांगल्याच आहेत, पण बजेट एवढं असेलच असं नाही. त्यापेक्षा साधा उपाय, ट्यूब तोंडात धरल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा, वेळ आपोआप कळते. फक्त तो फोन नंबर अभ्यासाचा असावा, कुणाच्या खाजगी मोबाइलवर पेशंटचे फोटो नकोत.

वऱ्हाडी_डॉक्टर

मी सायकिॲट्रिस्ट आहे. वरचं सगळं उत्तम आहे पण पेशंट फार उशिरा आला चर्चेत, म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या फॉर्ममध्ये पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची यादी, नक्की असणार. त्यातला नववा प्रश्न मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का हा आहे. तो फॉर्म पेशंटनं शनिवारी रात्री मोबाइलवर भरला आणि तुमच्या टीमनं सोमवारी उघडला तर मधल्या दीड दिवसाला जबाबदार कोण? हे पहिला पेशंट घ्यायच्या आधी कागदावर हवं, नावासकट, फोन नंबरसकट, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसऱ्या नावासकट. रात्री बघणारं कुणी नसेल तर तो प्रश्न मोबाइलवर विचारूच नका, समोर बसवून विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येक कागदाच्या तळाशी छापा पण नुसता नंबर छापून आपली जबाबदारी संपली असं कुणाला वाटू देऊ नका. तुमच्या इतर सगळ्या कामांच्या आधी हे.

संमतीबद्दल. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये रिसर्चचं वेगळं कलम आहे, ९९ वं, ते स्वतः वाचा. संमती देण्याची क्षमता नसलेला पेशंट घ्यायचा तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते, नातेवाइकाची सही पुरत नाही. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो आणि तो तुमच्या टीममधला चालत नाही. आणि संमती एकदा घेऊन फाइल बंद करू नका. डिप्रेशन वाढलेलं असताना माणूस हो म्हणतो कारण नाही म्हणायचीही ताकद नसते, दोन महिन्यांनी बरा झाला की परत विचारा.

डेक्सामेथासोन टेस्टबद्दल एक सांगतो, कारण पेशंट विचारणारच, माझा रिपोर्ट काय आला. रात्री अकराला एक मिलिग्रॅमची गोळी, दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल, ते दबलं नाही तर यंत्रणेचा ब्रेक ढिला. बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ मध्ये मेलँकोलिया हा डिप्रेशनचा गंभीर प्रकार ओळखायला ही टेस्ट मांडली तेव्हा आम्हा लोकांना वाटलं होतं की आता सायकिॲट्रीलाही रक्ताची टेस्ट मिळाली. तसं झालं नाही. वजन घटलं, दारू सुटली, दुसरा आजार असला तरी ती बिघडते, आणि डिप्रेशन असलेल्या बऱ्याच जणांची नॉर्मल येते. पीटीएसडीमध्ये तर रेचेल यहूदा यांच्या कामात उलटंच दिसलं, कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा जास्त दबतं. तेव्हा एकट्या पेशंटच्या हातात तो आकडा दिला तर "मला आजारच नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून गोळ्या बंद करणारे निघतील. काय सांगायचं, काय नाही, याचं एक पान आधी तयार करा आणि सगळ्यांनी तेच बोलायचं, लॅबच्या टेक्निशियननंसुद्धा.

ट्रिएर टेस्टच्या परीक्षकांमध्ये पेशंटचा उपचार करणारा डॉक्टर बसवू नका. ज्याच्याकडे माणूस रडून मोकळा होतो तोच दगडासारखा चेहरा करून समोर बसलाय हे पुढच्या ओपीडीत नडतं. आणि टेस्ट संपली की हे मुद्दाम असं केलं होतं हे नीट समजावून, चहा पाजून, मगच घरी सोडायचं. ही टेस्ट आपल्याकडे चालते की नाही अशी शंका कुणी काढेल, तर म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ हॉस्पिटलमधल्या पार्थेनॉन अभ्यासात तिथल्या मुलांवर ती केलेली आहे, व्यवस्थित चालते.

कंट्रोल गट म्हणून पेशंटसोबत आलेले नातेवाईक घेऊ नका. ते वर्षानुवर्षं आजारी माणसाला सांभाळतायत, त्यांचं कॉर्टिसॉल स्वतःच एक वेगळा अभ्यास आहे. नाइट ड्यूटी करणारा स्टाफही नको.

मुळामुठा

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे प्रिंट काढून ठेवलंय. नवव्या प्रश्नाचं डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता ते आमच्या प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत "योग्य ती कार्यवाही केली जाईल" असं आहे, तेवढंच. ते आज सरांना दाखवलं, एथिक्स कमिटीकडे सुधारणा पाठवतोय आणि तोपर्यंत भरती सुरू करायची नाही असं ठरलं.

आता रॅटवाल्यांचं सांगा कुणीतरी. ते म्हणतात आमचं वेगळं आहे, आम्ही सहामाही रिपोर्ट देऊ, बाकी मीटिंगला बोलवू नका. मला ते पटत नाहीये पण त्यांना काय म्हणून ओढून आणू तेही कळत नाहीये.

पिंजराघर

मी रॅटवाला. त्यांना ओढू नका, तुमच्या टीमला घेऊन तिकडे जा. एकदा ॲनिमल हाउस बघितलं की निम्मे प्रश्न आपोआप निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे रॅट रात्री जागतात. त्यांच्यात कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन असतं आणि ते दिवे मालवायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. म्हणजे तुमच्या पेशंटची सकाळ ती त्यांची संध्याकाळ. एकाच तक्त्यात "सकाळचा नमुना" म्हणून दोन्ही टाकले तर तुलना उलटी होणार. या तक्त्यात घड्याळाची वेळ लिहायचीच नाही, माणसांसाठी जाग आल्यापासून किती वेळ आणि रॅटसाठी दिवे बदलल्यापासून किती वेळ असं लिहायचं. हे एक काम घेऊन बसलात तरी दोन्ही गट पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील.

दुसरं, स्ट्रेस कोणता, किती दिवस, कोणत्या वयात हे जुळवा. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं की रॅटला रोज दोन तास असं दहा दिवस जखडून ठेवलं तर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधल्या (आठवणींची जागा) पेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डालामधल्या (भीतीची जागा) उलट वाढतात. स्ट्रेस थांबवून तीन आठवडे आराम दिला तर हिप्पोकॅम्पस सावरतो, अमिग्डाला नाही. मला हे आजही विलक्षण वाटतं, स्ट्रेस संपला तरी भीतीची जागा वाढलेलीच राहते. पण हे मोठ्या रॅटचं झालं. तुमचा प्रश्न लहानपणाचा आहे, तर मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या लॅबनं वापरलेलं मॉडेल जवळचं आहे, पिल्लं जन्मल्यावर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून वेगळी ठेवायची आणि मोठी झाल्यावर बघायचं. तुमच्या गटानं जखडण्याचं मॉडेल घेतलं असेल आणि डॉक्टर लहानपणचे अनुभव विचारत असतील तर दोघांचे पेपर छान निघतील पण एकमेकांना उपयोगी पडणार नाहीत. आत्ताच विचारा.

आणि ॲनिमल हाउसच्या आसपास गणपतीच्या आधी ढोलताशाची प्रॅक्टिस चालते का बघा, पुण्यात आहात म्हणून म्हणतो. आवाजानं रॅटचं कॉर्टिकोस्टेरॉन चढतं, तुमचा कंट्रोल गटच स्ट्रेसमध्ये जातो. शेजारी बांधकाम निघालं तरी तेच. सगळ्या गटांचं कॅलेंडर तुमच्याकडे असतं, रॅटवाल्यांकडे नसतं, तेव्हा हे तुम्ही त्यांना आधी कळवलंत तर पुढच्या मीटिंगला ते स्वतःहून येतील.

ओसरी

मी फील्डवर काम केलेली आहे, रिसर्चमधलं शिक्षण नाही पण केसांच्या नमुन्याबद्दल सांगू शकते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात म्हणून मुळापासून तीन सेंटिमीटर घेतले की तीन महिन्यांचं कॉर्टिसॉल मिळतं, हे आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं. पण गावात कुणाचे केस कापून न्यायचे म्हटलं की पहिली शंका करणीची येते, ती हसण्यावारी नेऊ नका. आम्ही घरातल्या मोठ्या बाईसमोर बसून, किती केस, डोक्याच्या मागून कुठून, कशात ठेवणार, उरलेले कसे नष्ट करणार हे सगळं दाखवायचो, आधी स्वतःचे कापून दाखवायचो. अमावास्या, सण, घरात सुतक असेल तर विषयच काढायचा नाही. मेंदी आणि डाय लावलाय का ते लिहून घ्यायचं, आणि मुळाकडची बाजू दोऱ्यानं बांधायची नाहीतर लॅबमध्ये कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. पुरुषांचे केस तीन सेंटिमीटर नसतातच बऱ्याचदा, तिरुपतीहून आलेल्यांचे तर मुळीच नाही.

माणसं टिकवायची असतील तर फील्डवर्कर बदलू नका. केईएम हॉस्पिटल पुणेचा गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झाला, तेव्हा पोटात असलेली मुलं मोठी झाली तरी कुटुंबं त्यात आहेत. हे फोनवरून होत नाही, दारात तेच ओळखीचं माणूस येतं म्हणून होतं. तुमच्या ग्रँटमध्ये फील्डवर्करचा पगार अकरा महिन्यांच्या कराराचा असेल तर त्यावर आत्ताच बोला, कारण लहानपणी काय झालं हे कुणी दरवर्षी नवीन माणसाला सांगत नाही.

मुळामुठा

ओसरीताई, करार अकरा महिन्यांचाच आहे. उद्याच्या मीटिंगला नवव्या प्रश्नासाठी रात्री कोण बघणार याचं पान, दोन घड्याळांचा तक्ता आणि हा करार एवढे तीनच विषय ठेवतेय, ॲनिमल हाउसची भेट गुरुवारी ठरवली. रॅटवाल्यांना ढोलताशाचं विचारलं तर लगेच फोन आला, शेजारच्या मैदानावर पथकाची प्रॅक्टिस असते म्हणाले, दरवर्षी.

पिंजराघर

मग पिल्लांची बॅच गणपतीनंतरच घ्यायला सांगा, आणि मागच्या वर्षीचा पायलट डेटा कुठल्या महिन्यातला आहे ते बघून घ्या.